दाण्यातलं पाणी

नागपंचमीच्या दिवशी धाराशिवकडच्या घरांत तवा चुलीवर चढत नाही. विळी उभी करायची नाही, काही चिरायचं नाही, भाजायचं नाही, रानात कुळव धरायचा नाही. नागाला इजा होईल असं काही त्या दिवशी हातून घडू द्यायचं नाही, हा रिवाज. साहजिकच भाजणीची सगळी धांदल आदल्या दिवशी उरकावी लागते. कळंब असो, वाशी असो, भूम-परंडा असो, श्रावणातल्या त्या एका संध्याकाळी लोखंडी कढया बाहेर निघतात आणि ज्वारीच्या लाह्या फुटू लागतात. दुसऱ्या दिवशी वारुळाला दूध-लाह्या वाहून झाल्या की उरलेल्या लाह्या, फुटाणे आणि गुळाचा खडा पोरांच्या खिशात जातो, झोक्यावर जातो, पंचमीला माहेरी आलेल्या लेकीच्या पिशवीतून परत सासरीही जातो.

धाराशिव जिल्ह्याचा पॉपकॉर्न हा. मक्याचा पॉपकॉर्न इथं नाही असं नाही. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते तिथं काचेच्या पेटीतलं यंत्र धडधडत असतं, आणि गावातल्या किराणा दुकानातही मसाल्याच्या पाकिटांची माळ टांगलेली दिसते. शहरातल्या आईबापांना आता कुणी ना कुणी सांगत असतं की पोरांना वेफर्सपेक्षा पॉपकॉर्न द्या. सल्ला वाईट नाही. पण ज्या जिल्ह्यात लाही घरोघर फुटत आली, तिथं तो जरा उशिरा पोचलेला सल्ला आहे. या प्रकरणात दोन्ही दाणे शेजारी ठेवून पाहू, कारण दोघांची करामत एकच आहे आणि ती पाण्यावर चालते.

ते पाणी किती? पॉपकॉर्नच्या मक्याचा एक दाणा साधारण दीड दशांश ग्रॅमचा. त्यात १३ ते साडेचौदा टक्के ओलावा असला की तो उत्तम फुटतो. म्हणजे दाण्यात पाणी असतं जेमतेम दोन शतांश ग्रॅम, अर्धा थेंबही नाही. ज्वारीचा टपोरा दाणा त्याहून पाचपट हलका, तेव्हा त्याच्या वाट्याला थेंबाचा दहावा हिस्सा येतो. एवढ्याशा पाण्यानं दाणा आतून बाहेर उलटतो.

ते होतं कसं, तर दाण्याचं टरफल पक्कं असतं. त्यातून वाफ सहजासहजी निसटत नाही. कढई तापते, दाण्यातलं पाणी शंभर अंशांच्या वर जातं, पण पसरायला जागा नसल्यानं वाफेचा दाब वाढत राहतो. घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाब असतो. मक्याच्या दाण्यात तो दहापटीच्या जवळ जातो. तोवर आतला स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग, वितळून लगद्यासारखा मऊ झालेला असतो. सुमारे १८० अंश सेल्सिअसला टरफल हार खातं. दाब एकदम सुटतो, वाफ फुगते, तिच्याबरोबर लगदा फुगून फेस होतो, आणि बाहेरच्या गार हवेत तो फेस पळभरात थिजतो. आपण खातो तो हा थिजलेला फेस.

एमॅन्युएल विरो आणि अलेक्झांडर पोनोमारेंको या दोन फ्रेंच संशोधकांनी २०१५ साली पॉपकॉर्न फुटताना अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपला. १७० अंशांना त्यांचे जेमतेम एकतृतीयांश दाणे फुटले, आणि दहाच अंश वाढवल्यावर शंभरातले ९६ फुटले. कढई ‘चांगली’ तापू द्या असं थोरल्या बाया का बजावतात, ते या दोन आकड्यांत दिसतं. नुसती गरम कढई कामाची नाही. त्या दहा अंशांच्या अलीकडे दाणा भाजला जातो, करपतो, पण फुटत नाही. त्यांनी आणखी दोन गमती दाखवल्या. फुटताना स्टार्चचा एक कोंब आधी बाहेर येतो, तो कढईच्या तळाला रेटा देतो आणि त्या लाथेवर दाणा उडी मारतो. ‘फट्’ असा आवाज टरफल तडकल्याचा वाटतो; त्यांच्या मते तो एकदम सुटलेल्या वाफेचा असतो.

मग भुट्ट्याचा मका का फुटत नाही? बाजारात निखाऱ्यावर भाजून मिळतो तो मका वेगळा, पॉपकॉर्नचा वेगळा. पॉपकॉर्नच्या जातीचा दाणा लहान, कडक, काचेसारखा तकतकीत. त्याच्यात पिठूळ भाग कमी आणि घट्ट भाग जास्त, आणि टरफल उष्णता आत पटकन पोचवणारं पण वाफ धरून ठेवणारं. साध्या मक्याचं टरफल वाफ गळू देतं. ज्वारीतही हाच भेद आहे, तो आपल्याकडे फार आधीपासून ओळखलेला होता. भाकरीची ज्वारी निराळी, हुरड्याची निराळी आणि लाह्यांची निराळी. हुरड्याला गूळभेंडी लागते, कोवळेपणी गोड आणि कणसातून सहज निसटणारी. लाह्यांना छोटा, गोल, टणक दाणा लागतो. भाकरीच्या शाळूच्याही लाह्या होतात, नाही असं नाही, पण ढिगात न फुटलेले दाणे जास्त राहतात. म्हणून पूर्वी शेताच्या कडेला चार तास लाह्यांच्या ज्वारीचे पेरलेले असत. त्या चार तासांची राखण पाखरांपासून करावी लागे ती गोष्ट वेगळी.

हे ज्ञान पुढं विद्यापीठानंही उचललं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीचे असे खास कामाचे वाण काढले. हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’, पापडासाठी ‘फुले रोहिणी’, आणि लाह्यांसाठी काढलेल्या वाणाचं नाव त्यांनी ठेवलं ‘फुले पंचमी’. वाणांची नावं सहसा आकड्यांच्या आणि अक्षरांच्या जंगलात हरवतात. हे नाव देणाऱ्यानं मात्र सणाच्या आदल्या संध्याकाळची कढई पाहिलेली असणार.

आता मुद्द्याचं. ज्वारीत ते पाणी येतं कुठून?

धाराशिव हा थोड्या पाण्याचा जिल्हा. बालाघाटच्या डोंगररांगांचा, सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला. मांजरा, तेरणा, सीना, बोरी या नद्या जिल्ह्यातून किंवा त्याच्या काठानं जातात, पण उन्हाळ्यात त्यांच्याकडे पाहून कुणाचं पोट भरत नाही. पश्चिमेला परंडा-भूमकडे पाऊस आणखी कमी. तिथं रब्बीची ज्वारी टिकली, त्याचं कारण तिला पाऊस अंगावर लागतच नाही. पावसाळा सरता सरता काळ्या रानात ती पेरायची. मग जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती वाढते. या पट्ट्यात जिचं नाव घेतलं की भाकरी डोळ्यांपुढं येते ती मालदांडी, तिची निवड शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात झाली. ‘मालदांडी ३५-१’ हे त्या वाणाचं नाव, आणि इतके नवे वाण येऊनही तिला अजून बाजूला सारता आलेलं नाही.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, हीच ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं अक्षरशः ओस पडतात. सगळे रानात, कडब्याच्या कोपीपुढं आंबील, भज्जी, उंडे. नंतर हुरडा. मग माघ-फाल्गुनात काढणी, खळं, आणि धान्य बळदात किंवा कणगीत, कडुलिंबाचा पाला घालून. त्यावर चैत्र-वैशाखाचा उन्हाळा जातो. पंचमी येईपर्यंत ज्वारी घरात पाचेक महिने कोरडी होत राहिलेली असते.

पाण्याचा हिशेब इथंच बिघडतो. इतक्या कोरड्या ज्वारीत ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास उतरलेला असू शकतो. फुटायला तो चौदाच्या घरात हवा. तशीच कढईत टाकली तर ती नुसती भाजून लाल होईल. आता कागदावर मांडून बघा. दहा टक्के ओलाव्याच्या एक किलो ज्वारीला चौदा टक्क्यांवर आणायला पाणी लागतं अवघं ४६-४७ मिलिलीटर, म्हणजे तीन मोठे चमचे. किलोला तीन चमचे! त्याहून जास्त पाणी आत शिरलं तर टरफल नरम पडतं, दाब टिकत नाही, लाही खुरटी आणि चिवट होते. त्याहून कमी पडलं तर दाणा फुटत नाही. आणि पाणी वर शिंपडून लगेच भाजून चालत नाही, ते दाण्याच्या पोटापर्यंत जायला वेळ द्यावा लागतो.

बाया करतात काय? ज्वारी निवडून कढत पाण्यात थोडा वेळ घालायची, लगेच उपसून पाणी निथळू द्यायचं, मग ओल्या ज्वारीचं कापडात गाठोडं बांधून रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी ती सावलीत पसरायची. वरचं पाणी सुकतं, आत मुरलेलं राहतं. दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे आणि दाताखाली दिला तर कटकन न तुटता किंचित दबला पाहिजे. प्रयोगशाळेत यालाच ओलावा समतोल करणं म्हणतात आणि त्याला मापक यंत्र लागतं. इथं बोट आणि दाढ पुरते. तरी ज्याला कुणाला वाटत असेल की हे अंदाजपंचे चालतं, त्यानं एकदा गाठोड्यात बांधण्याची पायरी गाळून लाह्या करून बघाव्यात.

कढईचंही तंत्र आहे. चूल चांगली पेटलेली, कढई लोखंडी आणि जाड. एका वेळी मूठभरच ज्वारी. जास्त टाकली की कढई गार होते आणि मघाचे ते दहा अंश हातचे जातात. काठीच्या टोकाला चिंध्यांचा बोळा बांधून त्यानं दाणे कढईवर फिरवत दाबत राहायचं, म्हणजे प्रत्येक दाण्याला तळाची आच सारखी लागते. तडतड सुरू झाली की वर कापड किंवा चाळण धरायची, नाहीतर निम्म्या लाह्या अंगणात. तडतड मंदावली की लगेच उतरायच्या, कारण फुटलेली लाही करपायला वेळ लागत नाही. शेवटी चाळणीनं चाळायच्या. खाली पडतात ते न फुटलेले गणंग. फुटाणे-मुरमुऱ्यांच्या भट्टीवाल्याकडे बोळ्याऐवजी तापलेली वाळू असते. वाळू दाण्याला चहूबाजूंनी आच देते, म्हणून भट्टीच्या लाह्यांत गणंग कमी. घरी वाळू वापरू नये असं माझं मत. धुऊन चाळून घेतली तरी दाताला तिची आठवण राहते.

इतिहासाकडे वळू. लाह्या मक्याच्याच असतात असं जगाला वाटतं, त्याला कारण अमेरिका. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर वाका प्रिएता आणि पारेदोनेस या ठिकाणी मक्याची जी कणसं आणि धाटं सापडली, त्यांतली सर्वांत जुनी ६,७०० वर्षांपूर्वीची निघाली. त्यांत फुटणारा मकाही होता, असं २०१२ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे तिथल्या माणसांना मातीची भांडी माहीत व्हायच्या आधीपासून लाही ठाऊक होती. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्सनं १८८५च्या सुमारास वाफेवर चालणारं यंत्र बनवलं, १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांपुढं आलं, आणि १९३०च्या मंदीत सिनेमागृहांच्या मालकांना कळलं की तिकिटापेक्षा पॉपकॉर्नवर पैसे जास्त सुटतात. ही गोष्ट आजही खरी आहे, हे मल्टिप्लेक्सच्या खिडकीशी उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

कोलंबसाच्या आधी मका अमेरिकेबाहेर नव्हता. जिल्ह्यातलं तेर घ्या. तेरणाकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं. इथून गाड्यांवर लादलेलं कापड भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून समुद्रापार. रोमशी व्यवहार करणाऱ्या त्या बाजारपेठेत मक्याचा एक दाणाही असणं शक्य नव्हतं. ज्वारी मात्र तोवर दख्खनची झालेली होती. तीही मूळची इथली नाहीच, आफ्रिकेची; आजच्या सुदानच्या बाजूला पाचेक हजार वर्षांपूर्वी माणसानं ती पिकवायला घेतली आणि पुढं ती भारतात आली. पाहुणे दोघेही. एकीला येऊन हजारो वर्षं झाली, दुसऱ्याला चारपाचशे.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल ‘मिलो’ आली होती. ज्यांनी तिची भाकरी खाल्ली ते अजून तोंड वाकडं करतात. ती अमेरिकेतून आलेली ज्वारीच होती, तिकडे जनावरांना घालायची. गंमत अशी की त्याच अमेरिकेत आता ज्वारीच्या लाह्या ‘मिनी पॉपकॉर्न’ म्हणून आरोग्याच्या पदार्थांच्या दुकानात विकल्या जातात. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा आपल्याही शहरांत ज्वारीच्या लाह्या रंगीत पाकिटांत दिसू लागल्या. चांगलंच झालं. फक्त एक फरक पाहून घ्यावा. ‘ज्वारी पफ’ म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं लाही नसतं. पिठाचा लगदा यंत्रातून दाबानं ढकलून फुगवलेला तो प्रकार असतो, त्यात तांदळाचं किंवा मक्याचं पीठ, तेल आणि चवीची भुकटी असते. पाकिटामागची घटकांची यादी वाचली की कळतं. लाहीच्या पाकिटावर एकच घटक असायला हवा, फार तर मीठ.

आता पोषणाचं, कारण घरात पोरांना द्यायचं म्हटलं की प्रश्न तिथं येतो. लाही हे अख्खं धान्य आहे. कोंडा काढलेला नाही, पॉलिश नाही, आणि ज्वारीची लाही कढईत तेलाच्या थेंबाशिवाय होते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅमच्या जवळ लोह असतं. ग्लुटेन ज्वारीतही नाही आणि मक्यातही नाही, त्यामुळे गव्हाची अडचण असलेल्यांना दोन्ही चालतात. तेलाशिवाय फोडलेल्या पॉपकॉर्नच्या एका कपात तीसेक कॅलरी असतात. पोट भरल्यासारखं वाटतं त्यात हवेचा वाटा मोठा, आणि संध्याकाळी शाळेतून आलेल्या पोराच्या बाबतीत हवेनं केलेली ही फसवणूक सोयीचीच असते.

ज्वारीच्या प्रथिनांत एक उणीव आहे: लायसिन हे अमिनो आम्ल त्यात कमी. हरभऱ्यात ते भरपूर. लाह्यांबरोबर फुटाणे खायचा पंचमीचा रिवाज कुणी रसायनशास्त्र शिकून पाडलेला नाही, पण जोडी अचूक जमली आहे. वर लिंबू पिळलं तर धान्यातलं लोह अंगी लागायलाही मदत होते.

त्याच वेळी लाहीला औषध करू नये. आजकाल ज्वारी म्हटलं की मधुमेहावरचा उतारा असल्यासारखं बोललं जातं. फुगवताना स्टार्च आधीच शिजून मोकळा झालेला असतो, त्यामुळे तो भाकरीपेक्षा सावकाश पचेल अशी अपेक्षा चुकीची आहे, लवकरच पचतो. साखरेचा त्रास असणाऱ्यानं लाह्या खाव्यात, पण वाटीच्या मापानं आणि फुटाण्या-शेंगदाण्यांच्या सोबतीनं.

खरा बिघाड वरच्या लेपानं होतो. डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरला भरलेल्या जीएसटी परिषदेनं पॉपकॉर्नवर खुलासा केला होता: मीठ-मसाल्याचा सुटा असेल तर ५ टक्के, पाकीटबंद असेल तर १२, आणि कॅरॅमलचा असेल तर १८ टक्के कर, कारण साखर चढली की तो मिठाईत जमा. देशभर त्यावर विनोद झाले. करापुरतं सोडा; आहारापुरतं बोलायचं तर परिषदेचं म्हणणं बरोबर होतं. कॅरॅमल पॉपकॉर्न ही मिठाईच आहे आणि ती मिठाईसारखी, कधीमधीच द्यावी. मीठही बेतानं, मोठ्या माणसानं दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मसाला पाकिटातला वापरला तर त्यातलं बरंचसं एकाच बैठकीत संपतं.

मायक्रोवेव्हच्या पाकिटाविषयी लोक घाबरून विचारतात. त्यामागची खरी घटना अशी. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या जास्पर इथल्या कारखान्यात पॉपकॉर्नला लोण्याचा वास देणाऱ्या डायअ‍ॅसिटिल या रसायनाची वाफ वर्षानुवर्षं नाकात गेल्यानं कामगारांना फुप्फुसांचा गंभीर आजार झाला. २०००च्या सुमारास ते उघडकीला आलं. आजाराला ‘पॉपकॉर्न लंग’ असं नाव पडलं. तो खाणाऱ्यांपेक्षा तिथं राबणाऱ्यांचा आजार होता, हे लक्षात ठेवावं. तरीही ज्या पदार्थाला घरी पाच मिनिटं लागतात त्यासाठी बनावट लोण्याचं पाकीट कशाला फोडायचं, हा प्रश्न उरतोच.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. टरफलाचा तुकडा किंवा न फुटलेला दाणा श्वासनळीत गेला तर जिवावर बेततं. ज्वारीची लाही लहान आणि मऊ असते, तिचं टरफल दातात तितकं अडकत नाही, म्हणून म्हाताऱ्यांना ती बरी. पण तान्ह्या पोराच्या हातात तीही देऊ नये. गणंग तिच्यातही असतातच. आणि पळता-हसताना कुणीच तोंडात टाकू नयेत, मोठ्यांनीसुद्धा.

लहानग्यांसाठी वाट आहे, तीही जुनीच: लाह्यांचं पीठ. लाह्या जात्यावर किंवा मिक्सरवर दळायच्या, चाळायच्या. हे पीठ गार ताकात कालवलं की लगेच फुगतं, शिजवावं लागत नाही. स्टार्च फुटताना एकदा शिजलेला असतो, त्याला आता फक्त पाणी हवं. मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हवी तर हिरवी मिरची. पोरांना गूळ आणि दूध. वैशाखात रानात अंगाची लाही लाही होत असताना चुलीपुढं न बसता होणारं हे जेवण. ताकाचा गंज आणि पिठाची पुरचुंडी बांधाला नेली की झालं. बाजारातलं दोन मिनिटांत होणारं सगळं खाणं याच तत्त्वावर चालतं: आधी शिजवून वाळवलेला स्टार्च. त्यात चकचकीत पाकिटाची भर आपण घातली.

घरी करायला बसाल तर मक्याचं आणि ज्वारीचं तंत्र वेगवेगळं आहे. मक्यासाठी जाड बुडाचं पातेलं, तळाला तेलाचा पातळ थर, त्यात आधी दोनतीन दाणे टाकून ते फुटेपर्यंत थांबायचं, मग एका थरात मावतील एवढेच बाकीचे. झाकण किंचित कलतं ठेवायचं. गच्च लावलं तर वाफ आतच राहते आणि पॉपकॉर्न चामट होतात. जो घरचा पॉपकॉर्न कुरकुरीत होत नाही, त्याचं निम्मं कारण हे. मीठ नंतर. मका जुना होऊन कोरडा पडला असेल तर बरणीत चमचाभर पाणी घालून हलवून, झाकण लावून दोनतीन दिवस ठेवावा आणि पुन्हा बघावा. हा तोच कापडाच्या गाठोड्याचा उपाय, काचेच्या बरणीत.

ज्वारीला तेल नको. आदल्या रात्रीची तयारी वर सांगितली तशी. गॅस मोठा, कढई लोखंडी, मूठभर दाणे. काचेचं झाकण असेल तर पोरांना फुटताना पाहता येतं, आणि खरं सांगायचं तर पोरं लाह्या खायला बसतात त्याहून जास्त वेळ त्या पाहत बसतात. थोरल्या पोरांना बोळा फिरवायला द्यावा, कुणीतरी मोठं शेजारी असताना. तयार लाह्यांना तेल, मोहरी, हळद, कढीपत्ता, शेंगदाणे यांची हलकी फोडणी दिली की चिवडा होतो. मराठवाड्यात मुरमुऱ्यांचा सुशीला होतो तसा लाह्यांचा करायला जाऊ नये. मुरमुरा भिजून तग धरतो, लाही भिजली की तिचा लगदा होतो. गुळाच्या पाकात लाडू छान वळतात, राजगिऱ्याच्या लाह्यांसारखेच, फक्त पाक कच्चा राहू द्यायचा नाही.

अडचण उरते ती दाण्याची. जिल्ह्यात खरिपात आता सोयाबीनचं राज्य आहे. रब्बीत ज्वारी पेरली जाते, पण मजुरी परवडत नाही आणि कडबा नसता तर कित्येकांनी ती कधीच सोडली असती. शेताच्या कडेचे लाह्यांचे ते चार तास यात पहिले गेले. बाजारातून ‘लाह्यांची ज्वारी द्या’ म्हटलं तर दुकानदार शाळूचं पोतं पुढं करतो. बी हवं असेल तर कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या बियाणे विक्रीकडे विचारावं, तुळजापूरला असं केंद्र आहे. आणि गावात कुणा आजीच्या उतरंडीत जुन्या लाही-ज्वारीची पुरचुंडी निघाली तर तिच्याकडून ओंजळभर मागून घ्यावी. पेरताना भाकरीच्या शाळूपासून जरा दूर पेरावी, कारण ज्वारीत थोडंफार परपरागीकरण होतं आणि काही वर्षांत दाण्याचा टणकपणा उतरतो. पहिल्या पिकातली निवडक कणसं बियाण्याला काढूनच मग कढई चढवावी.

गणंग टाकू नयेत. ते पुन्हा भिजवून फुटत नाहीत, कारण एकदा टरफल चिरलं की वाफ धरायला काही उरत नाही. जाडसर भरडून कण्या कराव्यात, नाहीतर शेळीपुढं टाकावेत. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, शेळी मात्र सरकारी कागदावर अजून उस्मानाबादीच आहे, आणि तिला लाही आणि गणंग यांतला फरक कळत नाही.